खाणीतला म्हसोबा

“चार बोटं लिवा, म्याडम,” ठेकेदार जयराज म्हणाला. “ह्या रानात मातीच नव्हती. वर चार बोटं, खाली सगळा मुरूम.”

“गुडघ्याच्या वर माती हुती,” साळूबाई म्हणाल्या. “आलं लावत हुतो आमी हितं.”

फिरदोस मुलाणी दोघांच्या मध्ये टेप धरून उभी होती. कोरेगावजवळची ही मुरमाची खाण बुजवायला किती खर्च येईल, याचं अंदाजपत्रक करायला ती विश्रामबागच्या ऑफिसातून आली होती. तीन एकर रान साळूबाईंचं. नऊ वर्षांनी खाण बुजवायची, वर पहिल्याइतकी माती पसरायची आणि रान परत द्यायचं, असं जयराजच्या करारात होतं. पहिली माती किती होती, ते मात्र लिहायचं राहिलं होतं. असल्या गोष्टी बरोबर राहून जातात!

खड्डा भरायचा हिशेब फिरदोसने सकाळीच लावला होता. अडलं होतं ते मातीपाशी. चार बोटं धरली तर डंपरच्या एकशेदहा खेपा, अडीच फूट धरली तर हजारावर. एकशेदहा खेपांच्या रानात गवत येतं, आलं येत नाही. मूळची माती पहिल्याच महिन्यात कुणाकुणाच्या बंगल्यांच्या बागेत गेली होती. खाणीचे काठ ढासळले होते आणि शेजारी नुसता माळ होता, त्यामुळे जुना थर मापायला जागाच नव्हती. साळूबाई सत्तरीच्या, उभा जन्म मातीत राबलेल्या. फिरदोसला त्यांचंच खरं वाटत होतं. पण नुसतं वाटून कागदावर आकडा चढत नाही.

खाणीच्या मधोमध जमिनीचा एक खांब तेवढा शिल्लक होता. दोन पुरुष उंच, चहूबाजूंनी खोदत नेऊन सोडून दिलेला. वर शेंदूर फासलेला एक गुळगुळीत उभा दगड होता. तिथवर चढायला पायऱ्याही खणलेल्या होत्या.

“ते काय आहे?” फिरदोसने विचारलं.

“म्हसोबा. लय जागृत,” जयराजचा आवाज आपोआप खाली आला. “पहिल्याच दिवशी जवळ गेलेल्या जेसीबीचा पाइप फुटला बगा. तवापासनं दर अवसेला माजा नारळ असतोय. नऊ वर्सांत खांबाला नख लावू दिलं न्हाई कुणाला. वर जाणार असाल तर चपला काढा.”

फिरदोसने चपला काढल्या. पायऱ्या चढताना ती वरून तिसऱ्या पायरीवर थांबली. खांबाच्या कडेला खाली पिवळट मुरूम होता आणि त्याच्यावर काळ्या मातीचा जाड थर, वरच्या गवतापर्यंत. तिने टेप लावली. दोन फूट सात इंच.

“जयराजदादा, इथं कुणी वरून माती टाकली नाही ना?”

“देवाशपथ न्हाई! कणसुदिक इकडचा तिकडं झाला न्हाई,” जयराज छाती पुढे काढून म्हणाला, आणि मग त्याला टेप दिसली.

त्याने दगडाकडे पाहिलं. म्हसोबाच्या समोर शपथ मोडायची त्याची छाती नव्हती. फिरदोसने माप लिहिलं, फोटो काढले आणि कागद पुढे केला. त्याने सही केली, गाडीत बसला आणि निघून गेला.

फिरदोसला फार बरं वाटलं. “मावशी, म्हसोबा पावला तुम्हाला. इथं पहिल्यापासून होता का?”

“कुटला पहिल्यापासनं?” साळूबाई पायऱ्या चढू लागल्या. “बारा वर्सं रोजगार हमीवर खड्डे खणले मी. मदी मूळ जमिनीचा एक खांब सोडायचा, मग किती खणलं ते मापता येतंय. न्हाईतर मुकादम म्हणंल ते खरं. ह्यो जयराज माजं ऐकून खांब सोडणार हुता व्हय?”

त्यांनी वर जाऊन दगड उचलला आणि पदराने त्याचा शेंदूर खसाखसा पुसला.

“चल पोरी, माजा वरवंटा न्हेते घरला. नऊ वर्सं मिक्सरातली चटणी खातीया, कसली चव न्हाई बग तिला.”