त्र्यंबकचा दहावा

कावळा शिवेना.

हरिहरपंत ओलेत्यानं उन्हात उभे होते. समोर धाकट्या भावाच्या, त्र्यंबकच्या दहाव्याचे पिंड, आणि मागं अर्धं कल्याण. एके काळी इथल्या खाडीत गलबतं लागत, तेव्हा गावाला बघायला पुष्कळ होतं. गलबतं गेली. आगगाडी आली, ती थांबते न थांबते तोच निघून जाते. राहिली ती एकमेकांची दहावी.

घाटावरच्या पिंपळात एरवी कावळ्यांची शाळा भरते. आज दोन-तीनच होते, तेही पाठ करून.

"बोला काहीतरी, पंत," परशुरामभट म्हणाले. त्यांनाही भूक लागली होती. "जीव कशात तरी अडकलाय."

"गावाला पुरणपोळ्या घालीन," पंत म्हणाले. कावळे ढिम्म. "काशीला जाईन." एकानं फांदीवर चोच पुसली.

"काशी लांब पडत असेल त्याला," शेजारचे आनंदराव म्हणाले. "तपकिरीचं बोलून बघा."

"कावळे स्टेशनात असतील हो," मागून कुणीतरी म्हणालं. "तिथं गोऱ्यांच्या डब्यातनं पाव पडतो."

लोक हसले. मग आपण दहाव्याला आलोय हे आठवून खोकले.

पंत हसले नाहीत. जीव कशात अडकलाय ते त्यांना पक्कं ठाऊक होतं. शेवटच्या संध्याकाळी त्र्यंबकनं त्यांचा हात धरला होता. "दादा, सुमतीच्या केसांना वस्तरा लागू द्यायचा नाही. शब्द दे." पंतांनी दिला. खोलीत तिसरं कुणी नव्हतं, दार तेवढं उघडं होतं. पण विधवा भावजय केसांसकट घरात वावरली, तर त्या घरचं पाणी कोण पिणार? पंतांनी तो शब्द गिळून टाकला.

आज सकाळी आईनं विचारलंही होतं. "त्र्यंबक जाताना काही बोलला का रे?"

"नाही."

"बरं." तिनं आलवणाचा पदर बोडक्या डोक्यावरून पुढं ओढला. "मग न्हाव्याला सांगून ठेव. माझ्या वेळी रीत मोडली नाही, तिच्या वेळीही नको."

आईपुढं घरात कुणाचं चालत नसे.

तो न्हावी, भिवा, वस्तऱ्यांची धोपटी मांडीवर घेऊन पायरीवर बसला होता. "पंत, मी तंवर घरचं काम आटपून येऊ का?"

"आधी कावळा," भटजी म्हणाले. मग पंतांच्या कानाशी लागले. "दर्भाचा कावळा करून शिववू या. शास्त्रात आहे."

"करा की," आनंदराव म्हणाले. त्यांचे कान तिखट. "हरिहरपंतांच्या सख्ख्या भावाला गवताचा कावळा लागला, एवढंच लोक म्हणतील."

पंतांचं तोंड तापलं. आता नाही तर मग कधीच नाही, हे त्यांना कळत होतं. त्यांनी मान खाली घातली.

"त्र्यंबक," ते म्हणाले. "मी तुला शब्द दिला होता. सुमतीचे केस राहतील म्हणून. तो मी लपवला. आईशीही खोटं बोललो. गावाला भ्यालो." त्यांनी मान वर केली. "केस राहतील."

या वेळी कुणी खोकलं नाही.

पंख वाजले. एक कावळा उतरला, पिंडाचा घास तोडून उडाला. मागोमाग दुसरा आला.

परशुरामभटांनी हात जोडले. "मृताची इच्छा. इथं आम्ही काय बोलणार?" आनंदरावांनीही मान डोलावली. भिवानं मुकाट्यानं धोपटी उचलली.

पंत एकटेच घरी निघाले. घर घाटाला लागूनच होतं. गावाचं निभावलं; आता आईला कोणत्या तोंडानं सांगायचं? पुढच्या दारानं जायचा धीर झाला नाही. ते परसातून वळले.

आई उकिडवी बसून भलंमोठं पातेलं घासत होती. गडग्यावर कावळेच कावळे, पोटं टम्म फुगलेली, उडायचाही कंटाळा आलेले. परसभर शितं.

तिनं मान वर केली नाही.

"तांदूळ संपले तेव्हा वाटलं, तू बोलायच्या आधीच कावळा शिवतो की काय रे, हरी," ती म्हणाली. "बोललास का?"