मोकळा रकाना

दुपार कलली होती. ज्योतीच्या मांडीवरच्या लॅपटॉपवर नावं जोडीजोडीनं वर सरकत होती. अर्धवट गुंगीत तिला वाटलं, सगळं गाव उसाच्या पाचटातून, पाय न वाजवता, हळूहळू चाललंय. जामखेडकडचं हे गाव उद्या खरंच निघणार होतं, साखर कारखान्याकडं.

तिचे वडील हनुमंत मुकादम, घरातले अण्णा, यंदा ऊसतोडीची टोळी कॉम्प्युटरवर लावणार होते. बायकांचा एक तक्ता, पुरुषांचा दुसरा. तक्त्यांतून हवी ती यादी काढणाऱ्या क्वेरी बिल्डरमध्ये ज्योतीनं दोन्ही तक्ते घर क्रमांकावर जॉइन केले होते, म्हणजे एकाच घरातली दोन नावं एका ओळीत येत होती. नवरा तोडणार, बायको मोळ्या बांधणार. दोघांचा मिळून एक कोयता. काम झकास जमलंय, असं तिला वाटत होतं.

ओट्यावर बसलेल्या शेजारच्या लंकाबाईनं विचारलं, "माझं नाव आलं का गं?"

नाव नव्हतं. लंकाबाईचा नवरा वैशाखात गेला होता, आणि ज्या घरात पुरुष नाही ते घर त्या जॉइननं गाळून टाकलं होतं. ज्योतीला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"चूक माझी हाय, काकी. थांबा."

"मला मागं नको ठिवूस, बाई. गाव निघून गेलं की घर खायला उठतंय."

ज्योतीनं लेफ्ट जॉइन लावला. आता बायका सगळ्या येणार; नवरा असेल तर शेजारी, नसेल तर रकाना मोकळा. नावं पुन्हा तरंगत वर आली. त्यात लंकाबाई होती.

ज्योतीनं बोट ठेवून दाखवलं. लंकाबाई शेजारच्या पांढऱ्या जागेकडं बघत राहिली.

"हितं असायचे ते," ती म्हणाली.

मग तिची नजर खाली घसरली. "ही कोन? हिच्याबी शेजारी कुनी न्हाई."

"भागूबाई. खालच्या वस्तीवरची."

"मंग आमा दोघींचा एक कोयता कर."

"पुरुषांच्या तक्त्यात बाई बसत न्हाई, काकी."

"टरकात बसंल की. मंग हितं काय झालं?"

ज्योतीला हसू आलं. तिनं शेजारचा रकाना मोकळा असलेल्या बायकांपुरता बायकांचा तक्ता पुन्हा बायकांच्याच तक्त्याशी जोडला. दोन नावं सावकाश एका ओळीत येऊन बसली.

"अण्णा इचारतील, तोडनार कोन अन् बांधनार कोन."

"भागूबाईला काय जमतंय ते इचार," लंकाबाई म्हणाली. "मला दोन्ही येतंय."