लसूण बंद

चिपच्या कारखान्यात सिलिकॉन विभागात पंधरा वर्षं काढली. तिथं लसूण खा नाहीतर कांदा, कोणी विचारत नव्हतं. मागच्या महिन्यात मला शेजारच्या विभागात टाकलं. इथं चिप सिलिकॉनऐवजी गॅलियम आर्सेनाइडच्या बनतात, आणि त्यासाठी लागणाऱ्या विषारी वायूला लसणाचा वास येतो. म्हणून या विभागात कोणी लसूण खातच नाही. वास आला की आधी बाहेर पळायचं, विचार नंतर.

आज जेवून आत गेले आणि दहाच मिनिटांत साहेब ओरडले, "लसणाचा वास येतोय. बाहेर व्हा सगळे."

आम्ही सातही जण पॅसेजमध्ये उभे, चेहरे पांढरेफटक. भिंतीवरचा वायुगळतीचा गजर मात्र गप्प. मला सर्दी झालेली, ना चव कळत होती ना वास. शेवटी मान खाली घालून म्हटलं, "साहेब, माझ्याच तोंडाला येत असेल. डबा बाबा करतात, त्यांना फोडणीत लसूण लागतोच."

साहेबांनी कपाळाला हात लावला. "अहो बाई, जीव टांगणीला लावलात की आमचा."

सगळे हसत हसत परत आत गेले आणि ते जड दार बंद झालं. आत फोन नेता येत नाही, म्हणून मी मागे थांबून घरी लावला. "बाबा, किती वेळा सांगितलं, डब्यात लसूण घालू नका म्हणून."



"अगं, तू सांगितलंस त्या दिवसापासून घरात लसूण आणलाच कुठंय?"