मागचं अंगण

अगं, मध्ये बोलू नकोस, नुसतं ऐक. आपल्या शिवणवाल्या मावशीच्या मागच्या अंगणाला शेजारच्या औषधवाल्यानं जाळी ठोकली, तेव्हा तिनंच त्याला पाणी दिलं. "कुत्री घुसतात हो, मावशी," एवढंच म्हणाला तो. नवरा अंथरुणाला खिळलेला, मावशीला मागे फिरकायलाही सवड नव्हती, तिथं औषधवाल्याचीच खोकी पडलेली. आता लेक सासर सोडून परतली, तिच्यासाठी तिथं खोली बांधायची ठरली. जाळी काढ म्हणून सांगायला मावशी निघणार, तर औषधवालाच मिठाई घेऊन दारात! त्यानं स्वतःच्या हातानं तिला घास भरवला. "नातू झाला का रे?" "छे हो! जाळीला काल बारा वर्षं झाली. तुम्ही हरकत घेतली नाहीत, आता कायद्यानं अंगण माझं!" मावशीच्या तोंडात घास तसाच, आणि हा मेला तीच बोटं चाटत म्हणतो, "आणखी एक घ्या ना!" तू काय केलं असतंस?