असू दे, लागेल

हॉस्पिटलात पेशंटच्या उशाशी असतो त्या मॉनिटरचा कर्नल, म्हणजे त्याच्या सॉफ्टवेअरचा अगदी आतला गाभा, ती वाचत होती आणि तिला शिसारी येत होती. हृदयाचा एक ठोका नोंदवायला लागते ती चिमूटभर मेमरी. कोड मात्र दर ठोक्याला मेमरीचं अख्खं पान अडवून बसत होता आणि पुन्हा सोडायचं नाव नाही. त्या ओळीशेजारी कुणीतरी शेरा ठोकला होता: ‘असू दे, लागेल.’

“लागेल म्हणे! बापाची जागा आहे?” ती स्क्रीनवर खेकसली.

जागा संपली की मॉनिटर गोठायचा. पडद्यावर शेवटचा आकडा तसाच राहायचा, मग पेशंटचं काहीही होवो. तिची मावशी कालपासून अशाच एका मॉनिटरला जोडलेली होती.

तिने ती घाण उपसून काढली. ठोक्यापुरता कप्पा द्यायचा, काम झालं की परत घ्यायचा, एवढंच. टेबलावरचा मॉनिटर आता बिनबोभाट चालत होता. तिने साहेबांना बोलावलं.

“आजच पाठवू या ना, साहेब? सगळ्या हॉस्पिटलांना.”

साहेबांचे डोळे चमकले. “एवढी जागा सुटली? वा! मग कंपनीचा लोगो फिरता करून टाकू. मार्केटिंगवाले कधीचे डोकं खातायत. तो बसला की दोन्ही एकदमच पाठवू, पुढच्या आठवड्यात.”

“तोवर मॉनिटर गोठत राहतील, साहेब.”

“इतकी वर्षं चाललंच ना? मीच लिहिलाय तो कोड.” ते पडद्यावरच्या मोकळ्या जागेकडे बघत हसले. “लोगो असू दे हो. लागेल.”

तो शेरा कुणाच्या हातचा, ते आता विचारायची गरज उरली नव्हती. तेवढ्यात फोन वाजला. मावशीच होती.

“अगं, तू उगाच जिवाला घोर लावून घेतेस,” मावशी धापा टाकत म्हणाली. “जरा दम लागतोय, बाकी काही नाही. तुमच्या त्या मशीनवर तर सगळं झकास आहे. सकाळपासून बहात्तर म्हणजे बहात्तरच. जरासुद्धा हललेलं नाही बघ!”