हत्तीचं लग्न

दीपश्रीने कॉमेंट तिसऱ्यांदा वाचली. खाली नाव नव्हतं.

‘आपली मुलगी बोलते. बरेच बोलते. काल तिने हत्तीच्या लग्नाचे सांगितले. काळजी करू नये.’

भाषा कोरडी, बँकेच्या मेसेजसारखी. पण हत्ती खरा होता. करड्या कापडाचा, एक कान उसवलेला. वेदश्री त्याला काखेत घेऊनच फिरायची. आणि ब्लॉगवर दीपश्रीने त्या हत्तीबद्दल एक अक्षर लिहिलं नव्हतं. लेकीचं नाव नाही, फोटो नाही, पत्त्यातली मळमड्डी नाही, गाव धारवाडसुद्धा नाही. माझी लेक साडेतीन वर्षांची आहे आणि बोलत नाही, एवढंच.

“अहो, हे बघा.”

सुमंतने फोन हातात घेतला. “कुणीतरी चेष्टा करतंय गं. तूच सगळं जगाला सांगत बसतेस, मग जग उत्तर देणारच की.”

“हत्तीचं जगाला कसं कळलं?”

तो गाडीची किल्ली शोधायला लागला.

खरं तर ब्लॉग तिने डोक्यातला घोळ आवरायला सुरू केला होता. फेसबुकवरच्या आयांच्या ग्रुपमध्ये तिने एकदा विचारलं होतं, मूल बोलत नाही, काय करू? दहा मिनिटांत चाळीस उत्तरं आली. टीव्ही बंद करा. वेखंड उगाळून जिभेला लावा. मुलं आपली आपण बोलतात, थांबा. आताच डॉक्टरकडे न्या, थांबू नका. एका रीलमधली बाई म्हणाली, घरात दोन-तीन भाषा असल्या की मूल गोंधळतं, एकच ठेवा. दुसऱ्या रीलमधली बाई तितक्याच हसतमुखाने बरोबर उलटं म्हणाली. दीपश्रीने पहिलीचं ऐकलं. का, ते तिलाही सांगता आलं नसतं.

तेव्हापासून सहा महिने वेदश्रीसमोर फक्त मराठी. भाजीवाल्याशी दीपश्री कानडी बोलायची, सुमंतशी निम्मं-निम्मं, पण लेक जवळ आली की दोघंही सावरून बसायचे. वेदश्रीने ‘नीर’ मागितलं की दीपश्री पेला हातात धरून थांबायची. “पाणी म्हण. पा-णी.” वेदश्री पेल्याकडे बघायची, आईकडे बघायची, आणि तशीच तहानलेली निघून जायची. आधी दहा-बारा शब्द तरी यायचे, आता तेही गेले, असं दीपश्रीने ब्लॉगवर लिहिलं. वाचणारे पंधरा-वीस जण. शनिवारी हुबळीच्या डॉक्टरांची वेळ घेतली होती.

खाली राहणाऱ्या शकुंतलाक्कांनाही तिने बजावून ठेवलं होतं. अक्का घरमालकीण, दिवसभर साड्यांना पिको-फॉल करायच्या. चार ते पाच वेदश्री त्यांच्याजवळ बसायची, तेवढ्यात दीपश्री लिहायची.

“अक्का, तिच्याशी कानडी नको हं. थोडे दिवस.”

“मग मी काय मुकी होऊ?” अक्का कानडीतच म्हणाल्या होत्या. “मला दुसरं येतंय कुठे? बरं, मशीन बोलेल, आम्ही दोघी ऐकू.”

त्या कॉमेंटनंतर दोन दिवस घराचे पडदे उघडले नाहीत. लॅपटॉपच्या कॅमेऱ्यावर दीपश्रीने कपाळावरची टिकली काढून चिकटवली. समोरच्या गच्चीवर कुणी उभं दिसलं की ती वेदश्रीला आत ओढायची. रिक्षात बसल्यावर रिक्षावाल्याच्या आरशाकडे बघायची. वेदश्री मुकाट्याने आत यायची, मुकाट्याने बसायची. तिचं ते गप्प असणं आता आणखीच भीतीचं वाटायला लागलं होतं. कुणीतरी हिच्याशी बोलतंय, आणि ही मला सांगू शकत नाही.

तिसऱ्या दिवशी चार वाजता, वेदश्रीला खाली सोडून, ती ब्लॉग पुसून टाकायला बसली. बोट बटणापर्यंत गेलं. मग तिने त्या कॉमेंटखाली लिहिलं, ‘तुम्ही कोण?’

उत्तर लगेच आलं.

‘सांगितले तर आपण तिला पाठवणार नाही.’

पाठवणार नाही. कुठे? वेदश्रीला ती जगात एकाच ठिकाणी पाठवत होती.

ती उठली. लॅपटॉप उघडाच राहिला.

जिना उतरताना खालून एका लहान मुलीचा आवाज ऐकू आला. खणखणीत, न थांबणारा. अक्कांकडे कुणी पाहुणे आले असतील, नात-बीत, असं दीपश्रीला वाटलं. मुलगी कानडीत सांगत होती, आज लग्न आहे, नवरीकडचे कमरीपेठेतनं येणार, भात कमी पडला तर अक्कांनी रुसायचं नाही, हत्तीला मुंडावळ्या मोठ्या लागतात म्हणून ही अख्खी लेस त्यालाच द्यायची. अक्का हसत होत्या. मग मुलगीही हसली.

त्या हसण्यावर दीपश्रीने कठडा धरला. ते हसणं ती ओळखत होती.

खिडकीतून आतलं दिसत होतं. पिकोच्या मशीनला फोन टेकवलेला. त्यात तिचाच ब्लॉग, फोननेच कानडी करून दिलेला, आणि खाली अक्कांचं उत्तर, फोननेच मराठी केलेलं. व्हॉट्सॲपच्या स्टेटसला लिंक तिनेच लावली होती. अक्का लेस कापत होत्या, आणि वेदश्री त्यांच्या मांडीला रेलून, हातवारे करत, पाहुण्यांची नावं सांगत होती. पाच, सहा, सात नावं. दीपश्रीला रागवायचं होतं, रडायचं होतं, आत जाऊन तिला उचलून घ्यायचं होतं. यातलं आधी काय, ते कळेना. ती एक पायरी खाली उतरली. चप्पल वाजली.

आतला आवाज तुटला. मग वेदश्री कानडीत, अगदी हळू, समजावल्यासारखी म्हणाली,

“अक्का, आई आली. आता बोलायचं नाही.”