अनवरीचं औषध

कलेक्टर साहेबांनी हिरवा झेंडा उचलला आणि नेमक्या त्याच वेळी मंजुळाबाई त्यांच्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"साहेब, आधी माझं ऐका."

बँडवाल्यांचे हात थबकले. त्या रविवारी सकाळी जळगाव स्टेशनसमोर चार-पाचशे माणसं जमली होती. शाळांची मुलं, वकील, डॉक्टर, सराफ बाजारातले व्यापारी. सगळ्यांच्या छातीवर कागदी बिल्ले. ज्यांचा आजार बरा होणार नाही असं मोठ्या दवाखान्यांनी सांगून टाकलंय, अशा मुलांसाठी गावाबाहेर आठ खाटांचं एक घर चालायचं. त्या घराच्या मदतीसाठी ही मेहरूण तलावापर्यंतची पदयात्रा होती. मंजुळाबाई तिथल्या नर्स.

"बाई, आत्ता नको," संस्थेचे अध्यक्ष शालिग्रामशेठ दबक्या आवाजात म्हणाले. "कार्यक्रम झाल्यावर बोलू."

"सहा महिने तुम्ही हेच सांगताय, शेठ."

सहा महिन्यांत त्या घराच्या भिंतींवर ससे आणि हरणं रंगवून झाली होती. रंगीत टीव्ही आला होता. ज्याने मुलांचं दुखणं थांबलं असतं ते मॉर्फिन मात्र आलं नव्हतं. नशेच्या औषधांत मोडतं म्हणून त्याला परवाना लागायचा, आणि परवाना साहेबांच्या कचेरीतून मिळायचा. अर्ज गेला की परत यायचा. एकदा शिक्का पुसट होता. एकदा प्रती कमी होत्या. तिसऱ्यांदा परत आलेला अर्ज काल मंजुळाबाईंच्या हाती पडला होता.

आणि आज उजाडताच त्यांनी अनवरीची चादर बदलली होती. अनवरी रावेरची, नऊ वर्षांची. मांडीच्या हाडात गाठ. कळ आली की ती चादर दातांत धरायची. ओरडलं तर शेजारच्या खाटेवरचा लहानगा घाबरतो, असं तिचं म्हणणं. आज ती चादर टराटरा फाटली होती.

तिची आई हसीनाबी इथेच होती. साहेबांच्या हस्ते साडी-नारळ देऊन फोटो काढायचा म्हणून शेठनी तिला लेकीच्या खाटेपासून उठवून आणलं होतं. पिशवी छातीशी धरून ती खाली मान घालून उभी होती.

"पोरं चादरी फाडताहेत, साहेब!" मंजुळाबाईंचा आवाज चढला. "आणि तुम्ही त्यांच्यासाठी झेंडे दाखवताय. एवढी माणसं मेहरूणपर्यंत चालली तरी एका लेकराची कळ थांबायची नाही. तुमच्या एका सहीने थांबेल."

शेठचा चेहरा उतरला. साहेब मात्र शांत होते.

"अपुऱ्या अर्जावर मी सही करत नाही," ते म्हणाले. "काय त्रुटी काढलीय? वाचा सगळ्यांसमोर."

मंजुळाबाईंनी पर्समधून अनवरीच्या नावाचा घडी केलेला अर्ज काढला. समासातली लाल शाईतली ओळ मोठ्याने वाचली.

"रकाना अकरा. रुग्णास औषध किती दिवस लागेल, ते नमूद नाही."

"मग करा ना नमूद!" साहेबांनी खिशातलं पेन काढून पुढे धरलं. "एक आकडा तर लिहायचाय. तेवढ्यासाठी रस्त्यात उभं राहून आरडाओरडा कशाला?"

मागे कोणीतरी फिसकन हसलं.

मंजुळाबाईंच्या मस्तकात तिडीक गेली. पेन हिसकावून घेत त्या गर्रकन वळल्या.

"हसीनाबी, तूच सांग यांना. अनवरीचे किती दिवस लिहू?"

शब्द तोंडातून गेले आणि मग त्यांना कळलं, आपण काय विचारलं. कोणाला विचारलं. साहेबांना टोचावं म्हणून उचललेली सुई त्यांनी भलत्याच काळजात खुपसली होती. त्या काही बोलणार, इतक्यात हसीनाबीने मान वर केली. ती कागदाजवळ आली. तिला वाचता येत नव्हतं. तो रकाना कुठला, ते तिने मंजुळाबाईंना बोट ठेवून दाखवायला लावलं, आणि त्या इवल्याशा चौकोनाकडे निरखून पाहिलं.

"इसमें जित्ते मावेंगे, उत्ते लिखो, सिस्टर," ती घाईघाईने म्हणाली. "बारीक अक्षरांत लिखो. पण कमी नका लिहू."

कोणी हसलं नाही.

साहेबांनी झेंडा खाली ठेवला. पेन आणि अर्ज स्वतःकडे घेतला, जीपच्या बॉनेटवर पसरला आणि त्या चौकोनाकडे पाहिलं. मग तो तसाच कोरा सोडून त्यांनी खाली सही केली.